पिंपरीच्या माळावरची जोडी

पुण्याहून चिंचवड जेमतेम दहा मैल. एवढ्या प्रवासाचं वर्णन करायला मन कचरतं. पण दहा मैलांत माणूस किती चुकू शकतो याचा दुसरा पुरावा माझ्याजवळ नाही. लोणावळ्याकडे जाणाऱ्या गाडीतून उतरलो तेव्हा बरोबर एक वही, उन्हासाठी काळी छत्री आणि आपण कसली स्पर्धा बघायला आलोय याचं संपूर्ण अज्ञान, एवढंच सामान होतं.

हे अज्ञान माझ्या स्वतःच्या कष्टाचं. पिंपरीच्या एका नव्या कारखान्यातून आमच्या साप्ताहिकाला इंग्रजी पत्र आलं. यंत्रं बसवायला आलेले परदेशी इंजिनियर आपसात स्पर्धा भरवणार होते; प्रत्येक देशाचे दोघे, त्यांची एक जोडी. भाषांतर माझ्या गळ्यात पडलं. त्यात ‘गोल्फ’ असा शब्द होता. मी तो ‘गल्फ’ वाचला. गल्फ म्हणजे खाडी. आता पिंपरीला खाडी कुठून येणार? टायपिस्टची चूक समजून मी शब्द गाळला आणि छापलं: ‘पिंपरीच्या माळावर देशोदेशींच्या जोड्यांची चुरशीची स्पर्धा. हौशी मंडळींनी अवश्य यावे.’

स्टेशनाबाहेर एक छकडा उभा होता. खोंडांची शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरमाळा. शेजारी पांढऱ्या मिशांचा, नवं धोतर नेसलेला गडी.

“पिंपरीचा माळ कुठे हो?”

“आमी बी तिकडंच निगालोय. जोड्यांच्या शर्यतीला.” त्यांनी कमरेचा कागद काढला. माझीच बातमी! “चाकणकडनं आलोय. राती हितं भनीकडं मुक्काम केला.”

गेनूतात्या त्यांचं नाव. मी छकड्यात चढू लागलो तसे ते ओरडले, “आवो राव, उतरा! बैलांस्नी बारी (शर्यतीतली धाव) मारायचीया. छत्री टाका गाड्यात, तुमी चाला.”

म्हणून छत्री बसून आणि आम्ही दोघे पायी, असे निघालो. पवनेवरून गार वारा येत होता. पलीकडे मोकळ्या माळावर कारखान्याच्या अर्धवट भिंती आणि बांबूच्या परांच्या दिसत होत्या. वाटेत तात्यांनी भाकरी आणि ठेचा दिला. ठेच्यानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान.

“गावाकडचा मेव्हणा म्हन्ला, परदेशी बैलांफुडं तुजी जोडी काय टिकनार? म्हन्लं, जिकल्याचं निशाण घिऊन येतो. न्हाई आनलं तर तुज्या दारात पाय ठिवनार न्हाई.”

“परदेशी बैल?” मी विचारलं.

“तुमीच तर छापलंय न्हवं!”

ते इतक्या खात्रीनं म्हणाले, की मलाही परदेशी बैलच दिसू लागले.

माळावर बैल नव्हते. इंग्रज, जर्मन आणि स्विस असे सहा साहेब लोखंडी काठ्यांनी पांढरा चेंडू बडवत होते. दूर एका बारक्या गलीत (विटीदांडूच्या खेळात असतो तसा खड्डा) लाल निशाण उभं होतं.

“ह्यांचं बैल कुटायत?” तात्या.

पत्रातला गाळलेला शब्द मला आठवला. चिरूट ओढणारा म्होरक्या साहेब जवळ आला. मी मागच्या खोंडांकडे हात करून सगळं इंग्रजी पणाला लावलं: “सर, धिस इज पेअर ऑफ चाकण.”

साहेबानं तात्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “इंडिया! व्हेरी गुड!” आणि आम्हा दोघांच्या हातात एकेक काठी दिली.

शेवटची गल आमच्यासाठी खुली झाली. दोघांच्या फटक्यांची बेरीज करायची. ही गल जिंकणाऱ्या जोडीला निशाण मिळणार. स्विस जोडीची बेरीज दहा झाली होती. ‘निशाण’ कळल्याबरोबर तात्यांनी धोतराचा काचा मारला. लहानपणी विटी कोलणारा तो हात! चौथ्या फटक्याला त्यांचा चेंडू गलीत. साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

देवाची करणी बघा, चार फटक्यांत माझाही चेंडू गलीपासून वीतभर आला.

“ढकला आत!” तात्या ओरडले.

पण मी क्रिकेट पाहिलेला शहाणा. फटका म्हणजे धाव. चार धावांवर कोण समाधान मानतो? मी वळलो आणि चेंडू देहूरोडच्या दिशेनं हाणला. मग धावत जाऊन फटके मारत परत आणला. असं दोनदा केलं. सगळे अवाक झाले, त्याला मी कौतुक समजलो. एकोणीस फटके मारून चेंडू गलीत घातला आणि निशाणाला हात घातला.

साहेबानं तो हळूच सोडवला. “जास्ती मारा तो हारा, बाबू.”

निशाण स्विस जोडीकडे गेलं. तात्यांनी काठी खाली ठेवली, खोंडांच्या पाठीवरून हात फिरवला. आम्ही परत स्टेशनाकडे निघालो. गाडीची शिट्टी ऐकू आली तेव्हा मी धीर करून म्हटलं, “तात्या, चुकलं माझं. गावात काय सांगाल?”

“खरं त्येच. येक बैल सरळ पळाला. दुसरा गलीपत्तुर आला न् उलटा फिरला.”

मी मान खाली घालून धावतच गाडी पकडली. छत्री गाड्यातच राहिली, हे शिवाजीनगरला कळलं.

पंधरा दिवसांनी कचेरीत तात्यांचं कार्ड आलं, शाळेच्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं: ‘तुमची छत्री उघडून गाड्यावर उभी केली आन् गावात शिरलो. मेव्हण्याला म्हन्लं, परदेशी निशाण हाय, काळंच आसतं. त्यानं पागोटं काढून रामराम केला. तरी छत्री मागू नये.’

मी मागितली नाही. तेव्हापासून भर उन्हात डोक्यावर आमचं साप्ताहिक धरून फिरतो. ‘गोल्फ’ गाळलेला तो अंक घडी करून धरला तर चांगली सावली देतो.