हातातली चप्पल

"बघा मंडळी, हिला म्हणतात प्रजा! राजे गेले, पण रीत नाही गेली."

गाईड माझ्याकडे बोट दाखवून बोलला आणि सगळे खदखदून हसले. राजवाड्याच्या दारात मी चप्पल काढली होती. काढून पदराखाली धरली होती. बाकीचे बूट घालून आत चालले होते, मी एकटी अनवाणी. कुणी सांगितलं नव्हतं. मोठं दार दिसलं आणि पाय आपोआप थांबले.

आमच्या बचतगटाची सहल होती. अड्याळहून बस केली होती. कॉलेजात शिकणारी माझी लेक सोबत होती. ती हळूच म्हणाली, "माय, काहून काढली तू चप्पल? घाल ना."

काय सांगू तिला? आम्ही ढिवर, मासे धरणारे. तलावात जाळं पडलं की पहिला मोठा मासा गावच्या मालगुजाराच्या घरी. गावची जमीन, तलाव, सगळं त्यांचंच. आईसोबत मी जायची. सात-आठ वर्षांची असेन. एकदा नवी चप्पल घालून त्यांच्या ओसरीवर चढले. मालकीणबाई ओरडल्या. आईने टोपलं खाली ठेवलं आणि तिथेच माझ्या मुस्काटात ठेवून दिली.

"बरं केलंस," मालकीणबाई म्हणाल्या. मग आईकडूनच ओसरी धुऊन घेतली. आमच्या हातचा मासा मात्र त्यांना चालला.

मालगुजारी केव्हाच गेली. तलाव आता आमच्या मच्छीमार सोसायटीकडे आहे. तरी पहिला मासा अजून त्याच घरी जातो. आई गेल्यापासून मी नेते. अनवाणी. लाज वाटते सांगताना, पण खरं आहे.

गाईडने मोबाइल काढला. "मावशी, तशाच उभ्या राहा. एक फोटो."

लेकीने मान खाली घातली. तेव्हा माझ्या अंगाची आग झाली. गाईडचा राग आला, त्याहून जास्त माझा मलाच आला. मी चप्पल फरशीवर टाकली, पायात घातली.

"फोटो काढू नोको. मी कोनाची परजा नाही."

कुणी हसलं नाही. मी आत सिंहासनापर्यंत चालत गेले. चप्पल फटफट वाजत होती. वाजू दिली.

पुढच्या आठवड्यात तलावात जाळं पडेल. पहिला मासा माझ्या चुलीवर शिजेल. मालगुजाराच्या घरून निरोप आला, तर उत्तर द्यायला मीच जाईन. चप्पल घालून. ओसरीवर चढून.