अंबाडीला लावलेलं तेल

नायलॉनचा दोर आला आणि फुलंब्रीच्या, अंबाडीचे दोर वळणाऱ्या पुंजारामच्या हाताला पोळ्यापुरतंच काम उरलं. त्यामुळे शहरातल्या कॉलेजातली कहकशा मॅडम अंबाडी विचारत त्याच्या दारात आली, तेव्हा शेजारच्या कारभारीनं टोमणा मारलाच, "पुंजादा, आता कॉलेजात बैलं बांधत्यात व्हय?"

कहकशानं ओसरीवर बसून नीट सांगितलं. मोडलेलं हाड धरायला आतून स्टीलची पट्टी बसवतात. ती जन्मभर वागवा, नाहीतर पुन्हा चिरून काढा. तिला मक्यापासून केलेल्या प्लास्टिकात अंबाडीचे तंतू घालून अशी पट्टी करायची होती, की हाड सांधेस्तोवर धरून ठेवील आणि मग अंगातल्या अंगात विरून जाईल.

"माणसाला लावायला अजून बरीच वर्षं जातील हां, काका."

पुंजारामची नजर बायकोच्या मनगटावर होती. मनकर्णाबाईच्या हातात तीन वर्षांपासून स्टीलची पट्टी. थंडी पडली की हात ठणकायचा, आणि काढायची तर भूल सोसणार नाही, असं डॉक्टर म्हणालेले.

"माझं झालं ते झालं," ती म्हणाली, "फुडच्या बाईला तरी नगं. द्या त्यान्ला चांगली अंबाडी."

दिवाळीनंतर त्यानं निवडून धाटं भिजवली, सोलली, तंतू सात पाण्यानं धुतले. आणि न्यायच्या आदल्या दिवशी, कुणी न सांगता, तळहातावर करडईचं तेल घेऊन लड न् लड चोळली. दोर वळणाऱ्याच्या घरातून कोरडी अंबाडी बाहेर पडत नाही. न्हाऊमाखू न घालता लेक सासरी धाडावी, तसं ते.

माघात कॉलेजातून बोलावणं आलं. कहकशानं बोटभर पट्टी त्याच्या हातावर ठेवली. त्यानं अंगठ्यानं जरा दाबली, तर कांद्यासारखे पापुद्रे सुटले.

"काका, धुतल्यावर अंबाडीला काही लावलं होतं?"

"लावलं तर! घाण्याचं करडईचं. हात राखला न्हाई."

तिनं सुटलेले पापुद्रे गोळा केले. मग हळूच म्हणाली, "तेलावर प्लास्टिक धरत नाही, काका. सगळ्या पट्ट्या अशाच सुटल्या."

"मंग शिकेकाईनं धुऊन काढू की!"

"सगळी अंबाडी संपली. आणि मार्चला आमच्या प्रयोगाची मुदत संपते."

पुंजाराम मनात महिने मोजत राहिला. आज पेरली तरी आषाढाच्या आत हाताला लागायची नाही.

"चूक माझीच," कहकशा म्हणाली. "मी विचारायला पाहिजे होतं."

तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तो नुसता "बरं बेटा" म्हणाला आणि एसटीत बसला.

दिवस कलायला घरी पोचला. मनकर्णाबाई हात मांडीवर घेऊन ओसरीवरच बसली होती.

"झाली का वो पट्टी?"

तो तिच्या शेजारी टेकला. तिनं नेहमीसारखी तेलाची बाटली पुढं सरकवली, मनगट पुढं केलं. त्यानं तळहातावर तेल ओतलं. चोळायला हात काही पुढं जाईना.

"अवो, गळतंय की समदं," ती म्हणाली.

त्याला ते दिसत होतं.