कावळा हसतो तो गेम

आमच्या निर्मळमध्ये नाताळच्या आठवड्यात गावातल्या मुलांचा कार्यक्रम असतो. गाणी, फॅन्सी ड्रेस, संगीतखुर्ची आणि शेवटी केक. मागच्या वर्षी माझी भाची तिथे सुकेळी झाली होती. वाळवलेली राजेळी केळी झाडाच्याच सुक्या सोपटात बांधतात, तसं वहिनीने तिला खऱ्या सोपटात गुंडाळलं होतं. ‘मी सुकेळी, निर्मळची’ एवढं म्हणून ती पुढचं विसरली. माइकवरून कुणीतरी म्हणालं, “अजून नीट वाळली नाही वाटतं!” सगळा हॉल हसला. प्रेमानेच हसला, हे मला माहीत आहे. पाच वर्षांच्या मुलीला ते माहीत असण्याचं कारण नव्हतं. अंगावरचं सोपट ओढत ती स्टेजवरून उतरली, ती वर्षभर परत कुठे चढलीच नाही. शाळेच्या गॅदरिंगला तिचं पोट दुखलं. स्वतःच्या वाढदिवसाला टाळ्या सुरू झाल्या तशी ती टेबलाखाली गेली.

यंदा मात्र ती स्वतःहून म्हणाली, “आत्या, मी हॉलवर येणार.”

कारण होतं एक मुंगसाचं पिल्लू. हरवलेलं घर शोधणाऱ्या या पिल्लाचा कार्टून सिनेमा गावातल्या पोरांना हिंदीत तोंडपाठ होता. आखातात नोकरी करणारा माझा चुलतभाऊ सुट्टीवर येताना त्याच सिनेमाचा गेम घेऊन आला होता. त्याचा बेत असा, की तो प्रोजेक्टरवर लावायचा, एकेका मुलाचं नाव माइकवर पुकारायचं आणि स्टेजवर बोलवून खेळायला द्यायचं.

कार्यक्रमाच्या मीटिंगला आमच्या टीचर होत्या. शाळेतून निवृत्त झाल्या, गावातून नाही.

“मारामारी आहे का त्यात? रक्तबिक्त?” त्यांनी विचारलं.

“छे हो टीचर, मुंगूस आहे.”

“मुंगूस सापाशी काय फुगडी घालतं?” मग त्या माझ्याकडे वळल्या. “तू इंग्लिश मीडियमची ना? डब्यावर काय लिहिलंय ते वाच बघू.”

गावात इंग्रजीत छापलेलं काहीही शेवटी माझ्याकडे येतं. औषधाची चिठ्ठी, मिक्सरची वॉरंटी, व्हिसाचे कागद. मी वाचते, सांगते आणि गप्प बसते. डब्यावर तीन वर्षांपासून पुढच्या मुलांसाठी, असं लिहिलं होतं. ते ऐकून सगळे उठायला लागले. मी म्हटलं, “मला आधी खेळून बघायचंय.”

मी मीटिंगमध्ये सहसा बोलत नाही, त्यामुळे उठलेले दोघे परत बसले.

“घे, ने,” चुलतभाऊ म्हणाला. “लग्नाच्या वयाची मुलगी मुंगूस खेळवणार!”

शनिवारी दुपारी आमच्या टीव्हीला जोडून मी खेळायला बसले. भाची शेजारी पाय पोटाशी घेऊन बसली. साप आला. शेपटीचा फटका बसला की त्याची गुंडाळी व्हायची आणि तो घरंगळत जायचा. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. उलट भाचीने त्याला हात हलवून टाटा केला. मग नदी आली. दगडांवरून उड्या मारत पलीकडे जायचं होतं. तिसऱ्या दगडावरून मी पाण्यात पडले आणि सगळा पडदा भरून एक कावळा आला. पंखांनी पोट धरून हसला. कुठलंही बटण दाबलं तरी त्याचं हसणं मध्येच थांबेना.

हा कावळा सिनेमातही आहे. तिथे तो एकदाच हसतो आणि शेवटी तोच पिल्लाला घराची वाट दाखवतो. सिनेमा पुढे सरकतो, म्हणून ते हसणं मागे पडतं. गेममध्ये ज्याला उडी जमत नाही, त्याला तो पुन्हा पुन्हा हसतो. वाट दाखवणारा कावळा भेटतो तो फक्त जिंकणाऱ्याला.

भाचीने गेमचा रिमोट मागितला. पडली. कावळा हसला. तिने रिमोट हळूच चटईवर ठेवला.

“आत्या, हॉलमध्ये हा केवढा दिसणार?”

“भिंतीएवढा.” तिच्याशी मी खोटं बोलत नाही.

तिने थोडा विचार केला. “मग माझं पोट दुखेल,” ती म्हणाली.

ती बाहेर खेळायला गेली. मी टीव्ही बंद केला नाही. नकार द्यायचा तर पूर्ण बघून द्यावा, असं मला वाटतं. दोन रिमोट जोडून बघितलं तर गेम वेगळाच निघाला. दोन पिल्लं येतात. एक पडलं की त्याचा बुडबुडा होतो, आणि दुसऱ्याने येऊन हात लावला की बुडबुडा फुटून पडलेलं पिल्लू बाहेर. कावळा येतच नाही. दोन्ही रिमोट मीच धरले आणि मुद्दाम पडून पडून खात्री करून घेतली.

पुढच्या मीटिंगला मी बसायच्या आधीच बोलले. “स्टेजवर नको. प्रोजेक्टर नको, माइकही नको. हॉलच्या मागच्या खोलीत टीव्हीवर लावू. लहान मूल एकटं खेळणार नाही, बरोबर मोठं कुणीतरी बसेल.”

“अगं, डब्यावर तीन वर्षं लिहिलंय! तूच वाचलंस ना?” चुलतभाऊ वैतागला. प्रोजेक्टर त्याने मुद्दाम मागवला होता.

“लिहिणाऱ्याने आपला हॉल पाहिलेला नाही.”

मग मी त्यांना गेम लावून कावळा दाखवला. पहिल्यांदा सगळे हसले. दुसऱ्यांदा कमी. तो चौथ्यांदा आला तेव्हा टीचर म्हणाल्या, “बंद कर रे त्या मेल्याला.” चुलतभावाने बंद केला. “मग प्रोजेक्टरचं काय करू?” त्याने विचारलं. टीचर म्हणाल्या, “त्यावर गाण्यांचे शब्द लाव. दरवर्षी दुसऱ्या कडव्याला सगळे नुसते ओठ हलवतात.”

कार्यक्रमाच्या दिवशी भाची आली, पण मागच्या दाराने. मोठं कुणीतरी म्हणून तिने मला निवडलं. आम्ही चटईवर बसलो. पहिल्या नदीत ती पडली, मी जाऊन बुडबुडा फोडला. “परत आले!” ती म्हणाली आणि पुढे पळाली. दुसरी नदी जास्त रुंद होती. तिथे मी पडले, तेही मुद्दाम नाही.

तोवर दारात गर्दी जमली होती. मुलं, आया, चुलतभाऊही. माझं पिल्लू बुडबुड्यात उलटं तरंगायला लागलं आणि सगळे खळखळून हसले. माझे कान तापले. लोक माझ्याकडे बघून हसले की ते अजूनही तापतात.

भाचीने मागे वळून पाहिलं. दार माणसांनी भरलेलं होतं. मला वाटलं, आता ही उठणार.

“गप्प बसा ना सगळे,” ती ओरडली. “आत्या पडलीय, दिसत नाही?”

आणि दार गप्प झालं. ती टीव्हीकडे वळली आणि जिभेचं टोक बाहेर काढून, एकेका दगडावर थांबत माझ्याकडे यायला निघाली.