मशीनवरचा रुमाल

साडू गेले तो रविवार होता. नाना, म्हणजे माझे वडील, कासारवाडीच्या आमच्या घरात कपडे घालून दाराशी बसले होते. नऊ वाजले, साडूंची गाडी न्यायला आली नाही. सव्वानऊला फोन आला.

मिठाच्या बाबतीत माझ्या साडूंइतका गर्विष्ठ माणूस दुसरा झाला नसेल. दिघीला त्यांनी बंगला बांधला आणि मागे छोटासा स्विमिंग पूल. स्वतः त्यांना पोहता येत नव्हतं. कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून ते कठडा पुसत. त्यांचा जीव होता तो पंपाच्या खोलीतल्या मशीनवर. पाण्यात थोडं मीठ विरघळवायचं, ते पाणी वीज सोडलेल्या पट्ट्यांमधून फिरवायचं, की क्लोरीन तिथल्या तिथे तयार होतो, पावडर टाकावी लागत नाही. हे ते मीटर वाचायला आलेल्या माणसालाही पाणी देऊन, बसवून सांगत. तळवड्यात त्यांचं प्लेटिंगचं, म्हणजे धातूवर मुलामा चढवायचं वर्कशॉप होतं, त्यामुळे पट्ट्या आणि वीज यांविषयी आपल्याला कोणी शिकवू नये असं त्यांचं मत होतं. मशीनच्या काचेवर मिठाचा आकडा दिसायची सोय होती. त्या काचेवर त्यांनी रुमाल टाकून ठेवला होता. "आकड्याचं काय खरं आहे, सर," ते मला म्हणत. मी कॉलेजच्या ग्रंथालयात आहे, शिकवत नाही. पण मला 'सर' म्हणण्यात त्यांना खोडसाळ आनंद होता. "जीभ खोटं बोलत नाही."

म्हणून दर रविवारी पाण्याची चव घेतली जाई. त्या सकाळी ते लोणचं, पापड, चहासुद्धा वर्ज्य करत. स्टीलच्या चमच्यात पाणी घ्यायचं, डोळे मिटून जिभेवर घोळवायचं, थुंकायचं आणि चमचा पुन्हा भरून नानांच्या हाती द्यायचा. "चिमूटभर कमी आहे ना, नाना?" नानाही तसेच डोळे मिटत आणि म्हणत, "व्हय. कमीच हाय." मग ती चिमूट टाकायला दोघे मिळून पंचवीस किलोची गोणी ओढत.

नाना आयुष्यभर कंपनीत क्रोमच्या टाकीवर होते, तेव्हा दोघांची भाषा एक. बोअरचं पाणी जड, पट्ट्यांवर पांढरा थर बसे. तो पातळ ॲसिडमध्ये बुडवून काढायचा, खरवडायचा नाही, नाहीतर वरचा मुलामा जातो. मी एकदा मदत म्हणून तारेची घासणी घेऊन गेलो, तर दोघांनी एकाच वेळी माझा हात धरला. साडूंच्या मुलीच्या साखरपुड्याला पाहुणे ताटकळले होते आणि साडू त्या खोलीत बादलीपाशी उकिडवे. बोलवायला गेलो तर म्हणाले, "बुडबुडे थांबले की आलोच." शेजारी इस्त्रीच्या सदऱ्यातले नाना, हातात बॅटरी. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलंही नाही.

मला साडूंचा हेवा वाटे. पूलचा नाही, बंगल्याचाही नाही. घरी नाना माझ्याशी आठवड्यात दहा वाक्यं बोलत, त्यातली चार दुधाबद्दल. मी त्यांना पुस्तकं वाचून दाखवी. ते ऐकत आणि मध्येच विचारत, रविवार कधी आहे. एकदा मी हट्टाने चमचा मागितला. साडूंनी तो आतून भरून आणला. मी बराच वेळ घोळवून म्हणालो, मीठ जरा जास्त वाटतंय. "सर, हे स्वयंपाकघरातलं प्यायचं पाणी आहे," साडू म्हणाले. नाना इतके हसले की त्यांना कठडा धरून खाली बसावं लागलं. माझ्यापाशी ते तसे कधीच हसले नव्हते. घरी येताना मी साडूंचे दोष शोधत राहिलो. एकही धड सापडला नाही, आणि त्याचाही राग आला.

तेराव्यानंतरच्या रविवारी नाना पुन्हा कपडे घालून बसले. मी रिक्षा केली. मेव्हणीने काही न विचारता पंपाच्या खोलीची किल्ली दिली. मी चमचा भरून नानांना दिला आणि विचारलं, कसं आहे? ते घोळवून थुंकले आणि चमचा मला परत दिला.

"मला कुठं कळतंय," ते म्हणाले. "क्रोमच्या टाकीनं वासबी नेला आन् चवबी. कवाच."

"मग इतकी वर्षं हो कसं म्हणत होता?"

"तो आधी सांगायचा ना. त्याला ठावं होतं." मग म्हणाले, "दुसऱ्या कुणाला न्हाई."

एका घरात राहून मी रोज त्यांना विचारत होतो, भाजी कशी झालीय, आणि ते म्हणत होते, झ्याक. साडू जिवंत असताना त्यांचा जेवढा हेवा वाटला नाही, तेवढा त्या क्षणी वाटला.

मी पाठ करून रुमाल उचलला. खाली आकडा स्पष्ट दिसत होता. रुमालाचं एकच टोक बोटं लागून काळपट झालं होतं. म्हणजे साडूही ते उचलत होते.

पूलमध्ये कोणी पोहत नाही. पाणी स्वच्छ आहे. दर रविवारी आम्ही रिक्षाने दिघीला जातो. मी तेच टोक उचलून आकडा बघतो, रुमाल सारखा करतो आणि चमचा भरतो. "कमी वाटतंय ना, नाना?" नाना डोळे मिटतात. "व्हय," म्हणतात, "कमीच हाय." मग गोणी आम्ही दोघे ओढतो.