बहिगाने घातलेली शपथ

तान्ता शहराच्या कोर्टाच्या पायऱ्यांशी माझं टेबल आहे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज मी लिहितो. तीस वर्षांत एवढं कळलं की खोटारडा माणूस सगळं सांगून टाकतो, आणि खरा माणूस नेमकी कामाची गोष्ट पोटात ठेवतो. बहिगा या दुसऱ्या प्रकारातली.

लग्नाआधीच्या मेंदीला गाणारी ही बाई. गाणी स्वतः रचायची, डोक्यातच ठेवायची. सहीच्या जागी तिच्या नावाचा पितळी शिक्का. आमच्याकडे निरक्षर माणसाचा शिक्का म्हणजे तो माणूसच. धाकट्या लेकीच्या मेंदीला तिनं ‘उंबऱ्याला पाणी घाला’ रचलं. दोन वर्षांनी तेच गाणं टॅक्सीटॅक्सीतून वाजू लागलं. कॅसेटवर तिचं नाव कुठेच नाही. गाण्याचा मालक म्हणून कॅसेटवाल्या हाजी रशवानचं नाव. वर त्यानेच नोटीस धाडली, की परवानगीशिवाय हे गाणं कोणत्याही लग्नात गायचं नाही. चोर तो चोर, वर शिरजोर!

बहिगाने फसवणुकीचा दावा लावला. हाजीच्या वकिलाने शांतपणे एक कागद पुढे केला. गाण्याचे सर्व हक्क कायमचे दिले असा मजकूर, आणि खाली बहिगाचा शिक्का. तज्ज्ञाने तपासला. शिक्का अस्सल निघाला.

मी तिला टेबलाशी बसवून चांगलं खडसावलं. तेव्हा कुठे तोंड उघडलं. दर महिन्याला रेशन आणायला ती शिक्का धाकट्या भावाकडे, फिक्रीकडे द्यायची. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका हेच करतात. शिक्का कुणाला देऊ नका, हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. फिक्रीखेरीज शिक्का कुणाच्या हाती गेला नव्हता.

“मग हेच कोर्टात सांग,” मी म्हटलं. “तो कागद टिकायचा नाही.”

“आणि फिक्री?”

खोटा दस्त केला की तुरुंग. मी ते लपवलं नाही.

“तीन लेकरं आहेत त्याची. मी नाव घेणार नाही, उस्ताद.”

“मग गाण्यावर पाणी सोड.”

“कशाला? मी हाजीला शपथ घालीन.”

मी लेखणी खाली ठेवली. आमच्या कायद्यात ही सोय आहे. पुरावा नसेल तर समोरच्याला देवाची शपथ घ्यायला लावता येतं. त्याने नाकारली तर तुम्ही जिंकलात. घेतली तर दावा तिथेच संपतो, वरच्या कोर्टातही जाता येत नाही. तिच्या वकिलाने हात जोडले. मी अर्ज लिहायला नकार दिला. ती तिथून हलेना.

“दोनदा हज केलेला माणूस आहे,” ती म्हणाली. “अल्लाचं नाव घेऊन खोटं बोलेल? त्यालाही मरायचंय ना एक दिवस?”

शेवटी लिहिला. त्या हाताचा मला अजून राग येतो.

तारखेला मी टेबल सोडून आत जाऊन बसलो. फिक्री मागच्या बाकावर होता. बहिणीला आधार द्यायला आलोय, असं तो लोकांना सांगत होता. न्यायाधीशांनी बहिगाला दोनदा विचारलं, की शपथ घेतली गेली तर सगळं संपेल, हे कळतंय ना? ती दोन्ही वेळा हो म्हणाली.

मग न्यायाधीश हाजीकडे वळले. या बाईने तुमच्यासमोर बसून स्वतःच्या हाताने शिक्का मारला, असं शपथेवर सांगा. हाजी उठला. हातातली जपमाळ थांबली. कपाळावर घाम आला. मी मनातल्या मनात म्हणत होतो, नाही म्हण, बाबा, नाही म्हण. बहिगा त्याच्याकडे अशी बघत होती, जणू त्याचीच काळजी वाटतेय. हाजीने एकदा वळून मागच्या बाकाकडे पाहिलं. फिक्रीने मान खाली घातली.

“अल्लाची शपथ,” हाजी म्हणाला, “तिनं माझ्यासमोर स्वतःच्या हाताने शिक्का मारला.”

कारकुनाने ते लिहून घेतलं. निकालाला पाच मिनिटंही लागली नाहीत. गाणं हाजीचं झालं.

बहिगा बाहेर आली आणि माझ्या टेबलाला धरून उभी राहिली. मला तिच्याकडे बघवेना. फिक्री धावत आला. तिला काही ठाऊक नाही, अशीच अजून त्याची समजूत होती.

“नरकात सडेल तो हाजी,” तो म्हणाला. “बघशील तू, ताई.”

“त्याने निदान माझ्यासमोर उभं राहून खोटं सांगितलं,” बहिगा म्हणाली. “तू दर शुक्रवारी माझ्याकडे जेवत होतास, फिक्री. या शुक्रवारी येऊ नकोस.”