ताईच्या मुठीत मावेल असं

मी आयुष्यात एकदाच बंदुकांच्या दुकानात गेले, आणि तेही फोनमधून.

नोव्हेंबर होता. इंग्लंडमधल्या मेडनहेडला त्या दिवसांत दुपार अशी नसतेच. जेवण होतं आणि संध्याकाळ सुरू होते. मी वर्क फ्रॉम होम करत किचनच्या टेबलापाशी बसले होते. खिडकीबाहेर नदीकडून धुकं येत होतं आणि शेजाऱ्यांचं कुंपण हळूहळू पुसलं जात होतं. तेवढ्यात ताईचा व्हिडिओ कॉल आला. तिच्याकडे टेक्सासमध्ये लख्ख सकाळ होती. तिच्या मागे काचेच्या शोकेसमध्ये पिस्तुलं मांडली होती, चष्म्याच्या दुकानात फ्रेम्स मांडतात तशी.

"मीटिंग नाही ना तुझी?" ती म्हणाली. "मग थांब माझ्यासोबत. एकटीनं नाही निवडवत."

ताई माझी सख्खी मोठी बहीण. आम्ही नागपूरच्या. ती लग्न करून अमेरिकेला गेली, मी नोकरीच्या व्हिसावर इंग्लंडला आले, आणि मग दोघी आपापल्या देशांत म्हाताऱ्या व्हायला लागलो. भाऊजी गेल्यावर तिनं घरं विकायचं लायसन्स काढलं. लोकांना रिकामी घरं दाखवायची, किचनचं कौतुक करायचं, मुलांच्या शाळा किती लांब आहेत ते सांगायचं. तिला ते काम फार आवडायचं. रिकाम्या घरात शिरलं की कुणाच्या तरी स्वप्नात शिरल्यासारखं वाटतं, असं ती म्हणायची.

त्या उन्हाळ्यात गावाच्या टोकाला असलेलं एक घर बघायला एक माणूस आला. नीट कपडे, नीट बोलणं. ताई त्याला वरच्या खोल्या दाखवून खाली आली आणि किचनमधून वळली, तर त्यानं पुढचं दार आतून लॉक केलं होतं आणि तो जिन्याच्या पायरीवर बसला होता. काही बोलेना. हसत होता. मग म्हणाला, "इथे दुपारी कोणीच येत नाही, नाही का?"

ताई ओट्याला पाठ लावून उभी राहिली. फोन गाडीत राहिला होता. तेवढ्यात शेजारच्या अंगणात गवत कापणाऱ्या माणसांची गाडी आली, मशीन सुरू झालं. तो माणूस उठला, लॉक काढलं, थँक्यू म्हणाला आणि गेला.

"काही झालं नाही," ताईनं मला त्या दिवशी सांगितलं. पोलिसांनीही तसंच लिहून घेतलं. काही झालं नाही. पण त्यानंतर तिला झोप लागेना, आणि काही महिन्यांनी ती या दुकानात उभी होती.

दुकानात पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या. ताईनं माझी ओळख करून दिली, "माय सिस्टर, इन इंग्लंड." त्या बाईंनी वाकून कॅमेऱ्यात बघितलं आणि मला हात केला. जणू आम्ही दोघी साडी बघायला आलो होतो आणि त्या गादीवर बसून घड्या उलगडत होत्या.

ताईच्या मनात आधीच एक भरलं होतं. अगदी छोटं, चपटं, पावडरच्या डबीपेक्षा थोडंसंच मोठं. "हे बघ ना, कुठेही ठेवलं तरी दिसणार नाही. वजनही नाही."

बाई म्हणाल्या, "विकत घेण्याआधी ते चालवून बघा."

मागे गोळ्या झाडून बघायची रेंज होती. बाईंनी फोन एका फळीवर टेकवून ठेवला. मला ताईची पाठ दिसत होती, कानांवर मोठे हेडफोन, समोर लांब कागदी माणूस. मी आवाजाची वाट बघत राहिले. पण फोन मोठे आवाज गाळून टाकतो बहुधा. माझ्या किचनमध्ये गोळीचा आवाज आला तो शेजारच्या खोलीत कुणी कपाट हळूच लावून घ्यावं तसा. टप. ताईचा खांदा मात्र जोरात मागे आला. पुन्हा टप, पुन्हा खांदा. बाहेर धुकं खिडकीला टेकलं होतं आणि मला वाटत होतं, हे मी झोपेत बघतेय. उठले की ताईला सांगायचं, काय विचित्र स्वप्न पडलं बघ.

ती परत आली तेव्हा हात झटकत होती.

"लहान असलं की सोपं असेल असं वाटतं सगळ्यांना," बाई म्हणाल्या. "पण हलक्याला स्वतःचं वजन नसतं ना. सगळा धक्का तुमच्या हाताला."

दुसरी अडचण अंगठ्याची होती. ताईला संधिवात आहे. पिस्तुलाचा वरचा भाग मागे ओढावा लागतो, तो तिच्याच्यानं ओढवेना. बाईंनी दुसरं एक काढलं, किंचित जाड, किंचित लांब. ताईनं ते मुठीत धरलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "अगं, याच्यावर करंगळीला जागा आहे."

खरंच होतं. आधीच्या पिस्तुलावर तिची करंगळी खाली लोंबत राहायची. आता पूर्ण मूठ बसली. बाईंनी तिला ओढायचं कसं ते दाखवलं: बोटांनी नाही, तळव्यानं धरायचं, आणि ओढण्याऐवजी दुसऱ्या हातानं ढकलायचं. दोन-तीनदा अडलं, मग सरकलं. ताई हसली. भाऊजी गेल्यानंतर पहिल्यांदाच ती स्वतःवर खूश झालेली मी बघत होते, आणि ते या गोष्टीसाठी, हे मला कुठेतरी खुपत होतं.

मग ठेवायचं कुठे? ताई म्हणाली पर्समध्ये. बाईंनी मान हलवली. पर्स कोणी हिसकावली तर पिस्तूलही त्याच्याच हातात जाणार. कंबरेलाच हवं, आतून, घट्ट कव्हरमध्ये. ताईनं ते कुर्त्याखाली लावून बघितलं, गोल फिरली, वाकली, काल्पनिक बुटाची लेस बांधली.

"दिसतंय का काही?"

"नाही," मी म्हटलं. "कुर्ता छान पडतो त्याच्यावर."

यावर आम्ही दोघी इतक्या हसलो की बाईही हसायला लागल्या, मराठीचं एक अक्षर कळत नसताना. कॉल संपल्यावर मी लाइट लावायला उठले आणि पुढचं दार नीट लागलंय ना ते बघून आले.

पुढच्या जूनमध्ये ताई माझ्याकडे आली. हीथ्रो विमानतळावर ती दारातून बाहेर येताना मला लांबूनच तिची चाल बदललेली दिसली, कारण कंबरेला पिस्तूल असल्यासारखं उजवं कोपर तिनं अंगाला चिकटवून धरलं होतं. तिथे काहीच नव्हतं. पिस्तूल टेक्सासला तिजोरीत होतं. इथे ते आणणं तर सोडाच, साधा पेपर स्प्रेही जवळ ठेवता येत नाही.

"मग बायका काय ठेवतात गं?" तिनं गाडीत विचारलं.

"फोन. किल्ल्या. आणि अंधाराचा रस्ता टाळतात."

"बस, एवढंच?"

"एवढंच."

कॅफेत ती भिंतीला पाठ लावून बसायची. दार दिसेल अशी खुर्ची तिला हवी असायची. माझी पंधरा वर्षांची मुलगी, जी इथेच वाढली, तिनं जेवताना सरळ विचारलं, "मावशी, तुझा बंदूक कसा आहे?"

"तुझी बंदूक," मी सवयीनं दुरुस्त केलं.

ताई म्हणाली, "पिस्तूल आहे, काळं, आणि हातात घेतलं की वाटतं त्यापेक्षा जड आहे. तिजोरीत असतं तेव्हाही मला त्याचं वजन जाणवतं."  मुलीनं मावशीला भात वाढला.

एका रविवारी आमच्या लोकांची बुद्धवंदना होती. एक कम्युनिटी हॉल भाड्यानं घेतात, खुर्च्या बाजूला सरकवतात, सतरंज्या घालतात. आम्ही दोघी पांढऱ्या साड्या नेसून गेलो. मेणबत्त्या, अगरबत्ती, उंच खिडक्यांमधून येणारं फिकट ऊन. नागपूरला लहानपणी बाबांच्या शेजारी बसून म्हणायचो तसं सगळे एका आवाजात म्हणू लागले. त्रिशरण झालं. पंचशील सुरू झालं. "पाणातिपाता वेरमणी," जीवहत्येपासून दूर राहण्याचं पहिलं शील. माझ्या उजव्या कानाशी असलेला ताईचा आवाज तिथे थांबला. दुसऱ्या शीलाला पुन्हा आला. इतर कुणाला कळलंही नसेल. मला मात्र ती रिकामी जागा हॉलभर ऐकू आली.

परतताना आम्ही नदीकाठानं चाललो. नदीतल्या लॉकपाशी, बोटी वरखाली नेणाऱ्या दोन दारांच्या हौदात, एक बोट वर चढवत होते. दार बंद झालं होतं आणि पाणी आवाज न करता भरत होतं. आम्ही बाकावर बसलो.

"थांबलीस," मी म्हटलं.

"तोंडातून निघेना. वर्षभरानं वंदनेला बसले आणि हात जोडले, तर कंबरेपाशी ते आहे असंच वाटलं."

"तू कुणाला मारलं नाहीस, ताई."

"तयारी तर करते ना. दर आठवड्याला जाते रेंजवर. कागदी माणसाच्या छातीवर, एका मुठीएवढ्या जागेत बसतात सगळ्या गोळ्या. मी चांगली मारते, माहितीये?"

"आवडतं?"

तिनं बोटीकडे बघितलं. बोटीवरचा म्हातारा दोर धरून उभा होता आणि आमच्या डोळ्यांच्या पातळीपर्यंत हळूहळू वर येत होता.

"शांत वाटतं," ती म्हणाली. "त्या घरात मी किती घाबरले होते, ते तेवढ्यापुरतं जातं. आणि मला त्या शांत वाटण्याचीच भीती वाटते. तू घेतलं असतंस?"

मी खरं तेच सांगितलं. "मला नाही माहीत. इथे मिळतच नाही, म्हणून मला ठरवावं लागत नाही. देशानं माझ्यासाठी ठरवून टाकलंय. तुला एकटीला ठरवावं लागलं."

"बाबा काय म्हणाले असते?"

"ते म्हणाले असते, आधी घरी सुखरूप ये. मग बोलू."

"हे बाबा म्हणतायत की तू?"

"मी."

तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं. लोक कुत्री घेऊन जात होते, सायकली जात होत्या, आमच्या पाठीमागून कोण येतंय हे दिसत नव्हतं. थोड्या वेळानं मला कळलं की ती झोपली आहे. भर दुपारी, उघड्यावर, रस्त्याकडे पाठ करून. तिचे हात मांडीवर उताणे पडले होते. लॉकचं दार उघडलं, बोट निघून गेली, मग दुसरी आली. माझा खांदा बधिर झाला, तरी मी हलले नाही.

ती परत गेली. हिवाळ्यात एकदा इथल्या चार वाजता तिचा फोन आला. "मी एका घरात शिरतेय. क्लायंट यायचेत. काही बोलू नकोस, फक्त लाइन चालू ठेव."

तेव्हापासून तसंच चाललंय. क्लायंटना ती आता आधी ऑफिसात भेटते, आणि घरात शिरताना मला सोबत घेते. ती इयरफोन लावते, मी फोन टेबलावर ठेवून काम करत बसते. टेक्सासमधली रिकामी घरं माझ्या किचनमध्ये वाजतात. लाकडी जमिनीवर तिची पावलं, नळ सोडून बघितल्याचा आवाज, पडदे सरकवल्याचा. खोली मोठी असली की तिचा आवाज लांबतो. कधीकधी माझा डोळा लागतो आणि मी त्या घरांमधून फिरत राहते, दारं उघडत.

ती पिस्तूल अजून बाळगते. रोज नाही. मी विचारत नाही. परवा तिनंच आपणहून सांगितलं.

"आज घरी ठेवलंय गं. काही ठरवून नाही. सकाळी हात गेला तिकडे, आणि म्हटलं, आज नको."

"बरं," मी म्हटलं.

मग किल्ली फिरल्याचा आवाज आला, आणि ती म्हणाली, "अगं बाई, इथल्या किचनमध्ये काय सुंदर ऊन येतंय."