‘हे काढा’ म्हणणारे साहेब

दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जुळवून डोळ्यांपुढे चौकट धरायची, एक डोळा मिटायचा, चौकटीत जे दिसेल त्यावर थोडा वेळ नाराज व्हायचं आणि म्हणायचं, “हे काढा.”

फोटो काढण्याची ही साहेबांची रीत. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. जग आपल्यासाठी मांडलेलं आहे आणि मांडणाऱ्याने थोडी हयगय केली आहे, अशा चेहऱ्याने तो वावरतो.

साहेब मुंबईत सॉलिसिटर होते. निवृत्त झाल्यावर लोणावळ्यातल्या आपल्या बंगल्यात येऊन राहिले. माझं बाजारात फोटोचं दुकान होतं. त्यांच्या फिल्म धुऊन देणं, प्रिंट काढणं आणि बोलावतील तेव्हा स्टँड घेऊन बरोबर जाणं, एवढा आमचा संबंध. ते मला नावाने कधी हाक मारत नसत. म्हणत, “काय फोटोवाले?”

जुन्या देवळांचे खांब, दारांच्या चौकटी, कमानी यांचे फोटो काढण्याचा त्यांना नाद होता. नाद म्हणजे प्रेम असं कुणी समजू नये. पोलिसाला कैद्याच्या फोटोबद्दल जेवढं प्रेम असतं, तेवढंच यांना खांबाबद्दल होतं. खांब समोर, मधोमध, ताठ. दगडातलं कोरीव काम उठून दिसायला उजेड बाजूने आणि तिरपा यावा लागतो, म्हणून सकाळी लवकर निघायचं किंवा दिवस कलेपर्यंत थांबायचं. साहेब व्यवस्थित न्याहारी करून निघत. आम्ही पोचायचो तेव्हा ऊन समोरून पडलेलं असे आणि दगडावरची वेल पापडासारखी सपाट झालेली असे. मी म्हणायचो, “साहेब, जरा बाजूला सरकून पाहा.” पण सरकायचं ते समोरच्याने, आपण नव्हे, हा त्यांचा नियम होता.

एका देवळाच्या दारातून त्यांनी शेळी हलवायला, घंटा उतरवायला, तोरण काढायला लावलं. मग गणेशपट्टीवरच्या गणपतीचा शेंदूर खरवडायला सांगितला.  गुरवाने साहेबांकडे पाहत घंटा पुन्हा जागेवर टांगली, आणि ती इतकी जोरात वाजवली की साहेबांनी कानांवर हात ठेवले. एका बारवेवर बायकांना घागरी उचलायला सांगितलं, तेव्हा एक जण म्हणाली, “पानी भरू का तुमचं त्वांड बगत बसू?” सगळ्या हसल्या. मीही हसलो. साहेब त्यांचं पाणी भरून होईपर्यंत पाठ फिरवून उभे राहिले.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण मग ते जाळीचं प्रकरण झालं.

नाणे मावळात एका गावाबाहेर लहानसा दर्गा आहे. त्याच्या खिडकीला काळ्या दगडाची जाळी. चांदणीत चांदणी गुंफलेली, आणि सगळी दोऱ्याधाग्यांनी भरलेली. आसपासच्या गावांतले लोक, हिंदू काय, मुसलमान काय, नवस बोलून तिथे धागा बांधत. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. मावळातली पुष्कळ मुलं पलटणीत गेली होती, म्हणून धागेही वाढले होते.

साहेबांनी कॅमेरा लावला. उजेडाचा अंदाज घ्यायला एक फोटो लगेच काढला. मग बोटांची चौकट धरली.

“हा कचरा काढा.”

दर्ग्याची देखभाल करणारे म्हातारे मुजावर पुढे आले. “सायब, कचरा न्हवं त्यो. लोकांचं नवस हायेत.”

“मला जाळी हवी आहे, नवस नकोत.”

मी म्हटलं, “साहेब, आत जाऊन पाहा. उजेड जाळीतून येऊ दे. धाग्यांनीच चित्र होईल.”

“फोटोवाले, कॉम्पोझिशन तुम्ही मला शिकवणार?”

मुजावर गावातली माणसं बोलवायला गेले. मी कॅमेऱ्याची पेटी ठेवायला गाडीकडे वळलो, तेवढ्यात साहेबांनी कोटाच्या खिशातून नखं कापायची कात्री काढली. मी धावत जाऊन त्यांचं मनगट धरलं, तोवर अर्धी जाळी रिकामी झाली होती. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःच्या हाताने काही बाजूला केलं असेल तर ते एवढंच. माझा हात झटकून त्यांनी दुसरा फोटो काढला.

त्याच वेळी एक बाई आली. हातात नारळ होता. तिने जाळीकडे पाहिलं, खाली पाहिलं आणि मटकन बसली. धूळ झटकून एकेक तुकडा उचलू लागली.

“मावशी, तुमचा कुठला होता?” मी शेजारी बसून विचारलं.

“लाल व्हता. पोरगं लडाईवर गेलंय. चार म्हयनं झालं, कागुद न्हाई त्याचा.”

लाल तुकडे ढीगभर होते. तिला आपला ओळखू येईना.

“परत बांधा म्हणावं,” साहेब गाडीत चढत म्हणाले. “दोरा काय, बाजारात मिळतो.”

मी त्या गाडीत बसलो नाही. कामशेतपर्यंत चालत आलो.

साहेबांनी माळ्याच्या हाती पाठवलेली फिल्म मात्र धुतली, कारण तो माझा धंदा. दुसऱ्या फोटोतली जाळी स्वयंपाकघरातल्या चाळणीसारखी दिसत होती. आणि पहिला, उजेडाच्या अंदाजासाठी काढलेला? वाऱ्याने काही धागे हलले होते, काही स्थिर होते, त्यांच्यामागे दगडाची चांदणी. साहेबांच्या हातून झालेला तो एकच खरा फोटो, आणि तो फेकून द्या असा त्यांनी फिल्मबरोबर निरोप पाठवला होता. मी त्याचा मोठा प्रिंट काढला आणि मुजावरांकडून त्या बाईला निरोप पाठवला.

बाजाराच्या दिवशी मुजावर तिला घेऊन दुकानात आले तेव्हा साहेब आधीच येऊन बसले होते. टेबलावरचा तो प्रिंट त्यांच्या हातात होता.

“गिचमिड आहे,” ते म्हणाले, “पण जीव आहे. कुणाचा?”

“तुमचाच, साहेब. पहिला.”

त्यांनी प्रिंट खाली ठेवला. बाईने तो दोन्ही हातांनी उचलून उजेडात धरला. तिचं बोट धाग्यांवरून सावकाश फिरलं आणि एका जागी थांबलं.

“ह्यो. ह्यो माजा. लाल.”

साहेबांना राहवलं नाही. “अहो बाई, यात लाल कुठून येणार? हा काळा-पांढरा फोटो आहे. सगळे काळेच दिसतात.”

“लालच हाय,” ती म्हणाली. त्यांच्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. मग मला म्हणाली, “घिऊ का ह्यो?”

मी हो म्हटलं. तिने तो पदरात गुंडाळला. साहेब बराच वेळ त्या पदराकडे बघत होते. मग स्वतःचे प्रिंट टेबलावरच ठेवून ते निघून गेले.

त्यांच्याबद्दल मला फार चांगलं कधी वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्यानंतर ते दुकानात आले नाहीत. माळी येऊन प्रिंट घेऊन गेला. लढाई संपल्यावर त्या बाईचा मुलगा परत आला, एका कानाने बहिरा होऊन, पण आला. तोवर साहेबांच्या बंगल्याला कुलूप लागलं होतं. माणूस गेला, असं मुंबईहून कळलं.

पुढे एकदा मुजावर बाजारात भेटले. म्हणाले, “तुमचं ते सायब जायच्या आदी येकदा आलतं की आमच्याकडं.”

“कॅमेरा घेऊन?”

“न्हाई. मोकळ्या हातानं. जाळीपाशी बसलं. लय येळ बसलं.”

“काही बोलले?”

मुजावर आठवू लागले.

“पानी मागितलं,” ते म्हणाले. “दिलं मी. वंजळीनं प्यालं, आन् गेलं.”